नॉर्मल म्हणून आणलेला माणूस

मामाने जांभई दिली आणि मी त्याच्या तोंडात बघितलं. एवढंच झालं. बघायला नको होतं. घरात माणसं जांभया देतात, कुणी कुणाच्या तोंडात डोकावत नाही. पण त्याच दिवशी सकाळी मॅडमनी आम्हाला वॉर्डात एका बाईंच्या जिभेसमोर इतका वेळ उभं केलं होतं, की माझे डोळे तेव्हापासून जिभेवरच अडकले होते म्हणा ना. मामा टीव्हीसमोरच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता, डोक्यावर दिवा, बातम्या चाललेल्या. त्याने नेहमीसारखं घर दणाणून सोडत तोंड उघडलं. त्याची जीभ खालच्या दातांमागे निवांत पडली होती, आणि ती निवांत नव्हती. कडेकडेने बारीक हलत होती, जागच्या जागी, पातळ कापडाखाली मुंग्या फिराव्यात तशी. मग तोंड मिटलं. "काय बघतेस? दात मोजतेस?" मामा म्हणाला. मी म्हटलं, "किती उरलेत ते बघत होते." तो हसला. आई आतून ओरडली की त्या टीव्हीचा आवाज कमी करा, मामाने केला, आणि मी त्याच्या मिटलेल्या तोंडाकडेच बघत राहिले.

मॅडम म्हणजे आमच्या न्यूरॉलॉजीच्या. मुलं त्यांना हातोडीबाई म्हणतात, कारण गुडघ्यावर मारून पाय उडतो का बघायची ती हातोडी त्यांच्या कोटाच्या खिशातून कायम डोकावत असते, आणि ती आपल्या टाळक्यात कधी बसेल याचा नेम नाही. शेवटच्या वर्षाला आम्हाला एक महिना मिळतो, हवा तो विभाग निवडा आणि तिथे काम करा. इलेक्टिव्ह म्हणतात त्याला. शहाणी मुलं त्वचारोग घेतात, दुपारी घरी जाऊन झोपतात. मी न्यूरॉलॉजी घेतली. सगळे म्हणाले, वेड लागलंय का तुला, तिथे निदानं मोठमोठी आणि औषधं नाहीत. पण मला कोडी सोडवायला आवडतात. इथे माणसाला नुसतं चालायला लावायचं, तळव्यावर किल्लीने रेघ ओढायची, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगायचं, आणि एवढ्यावरून ओळखायचं की आतली तार नेमकी कुठे तुटली आहे. पहिल्या आठवड्यात मला त्याची नशाच चढली होती. रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या चालीवरून मी आजार ठरवत होते. सिग्नलला उभा असलेला माणूस, पाव विकणाऱ्याचा थरथरता अंगठा, कुणाच्या तोंडाचा एक कोपरा किंचित खाली. सगळं शहर माझ्यासाठी वॉर्ड झालं होतं आणि मी मजेत होते, लाज वाटायला हवी होती पण मी मजेत होते. आपल्या घराच्या दाराशी आलं की हे डोळे बाहेर काढून ठेवता येत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वॉर्डातल्या त्या बाई तिकीट खिडकीवर बसायच्या. आयुष्यभर काचेतल्या भोकातून ओरडून बोलल्या, आणि आता बोलणं असं झालं होतं की नवऱ्यालाही तिसऱ्यांदा विचारावं लागायचं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हलवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात, कुणाचे हात आधी जातात, कुणाची जीभ. मग उरलेलं सगळं, शेवटी श्वास. डोकं तेवढं शाबूत राहतं, म्हणजे हे सगळं बघायला माणूस पूर्ण जागा. मी पुढे होऊन त्यांना जीभ बाहेर काढायला सांगितली आणि थरथर दाखवली, तर मॅडम कडाडल्या. "गाढवांनो, दर वर्षी हीच चूक! बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते, माझीसुद्धा. आत पडलेली बघा. आत पडलेली जीभ हलली तर ती खरी." आमच्यातल्या लंबूने विचारलं, मॅडम, यावर ट्रीटमेंट? मॅडमनी हातोडी पुसली आणि म्हणाल्या, "तू आधी निदान तर नीट करायला शीक." मग त्या बाईंच्या नवऱ्याकडे वळून, आम्हाला कधीच न ऐकू आलेल्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे तुमच्या?" पुढच्या पलंगाशी गेल्यावर वॉर्डातला रजिस्ट्रार डॉक्टर आमच्या कानात पुटपुटला, की मॅडम हे विचारायला लागल्या की समजून घ्यायचं, आता करण्यासारखं काही उरलं नाही.

रात्रभर मी स्वतःशी भांडत होते. जांभईत जीभ ताणलेली असते, मग ती निवांत कुठली? ताणलेल्या जिभेचं काय धरायचं? दिवा डोक्यावर होता, टीव्हीचा उजेड तोंडावर हलत होता, बातम्यांत ती लाल पट्टी सारखी पळत असते, तिचीच सावली असेल. मी सकाळी केलेली चूकच संध्याकाळी पुन्हा केली असेल, दुसरं काय. आणि मामा! मामाला काही व्हायचं म्हणजे अशक्यच. मामा शाळेत खेळाचा मास्तर. मुलं त्याला शिट्टी म्हणतात, त्याला ते ठाऊक आहे आणि आवडतंही. आरशासमोर उभं राहून पोटऱ्यांकडे बघणारा माझ्या माहितीतला हा एकमेव पन्नाशीचा माणूस. बाबा गेले तेव्हा मी बालवाडीत होते, आई एक बॅग आणि मला घेऊन या दारात उभी राहिली, आणि मामाने काही न विचारता स्वतःची खोली रिकामी करून पुढच्या खोलीत खाट टाकली. ती खाट अजून तिथेच आहे. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "केलं असतं, पण शिट्टी वाजवल्यावर एकही बाई रांगेत उभी राहीना." आई म्हणायची, दादा, पोरीसमोर काहीही बरळतोस. मला सगळं आठवत होतं, आणि त्या आठवणींमध्येही मी आता त्याचं तोंडच बघत होते, ही कसली विकृती.

आणि मेडिकलला गेल्यापासून माझा सरावाचा देह कोण, तर मामा. नाडी त्याची, ब्लडप्रेशर त्याचं, छातीला नळी लावून पहिला ठोका ऐकला तो त्याचा. रक्त काढायला शिकले तेव्हा तीनदा टोचूनही शीर सापडली नाही, तर म्हणाला, "टोच गं, मी काय फुगा आहे फुटायला?" दर वेळी तपासून झालं की छाती फुगवून विचारायचा, "निकाल?" आणि मी म्हणायचे, नॉर्मल. मग शाळेत जाऊन सांगत सुटायचा, आमच्या डॉक्टरने पास केलंय मला.

आता मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले. चोरासारखी, स्वतःच्याच घरात. पाणी पिताना त्याला ठसका लागायचा. आई म्हणायची, घाई कशाला करतोस, कुणी पळवून नेतंय का पेला? आवाज बसला होता, पण तो तर मैदानावर ओरडून दरवर्षीच बसतो. जोडाक्षरं जरा जड येत होती, की मलाच तशी ऐकू येत होती? डबा उघडताना त्याने झाकण पोटाशी धरून दोन्ही हातांनी फिरवलं. पूर्वी एका हाताने उघडायचा का? आठवेना. अठरा-वीस वर्षं ज्या माणसाच्या समोर जेवले तो डबा कोणत्या हाताने उघडतो हे मला आठवेना, आणि मला स्वतःचाच संताप आला.

लंबूला सांगितलं. लंबू म्हणजे माझ्या बॅचचा, उंची ताडमाड आणि काळजी काडीची नाही. कँटीनमध्ये चहा घेता घेता तो पोट धरून हसला. "अगं, मागच्या आठवड्यात तुला ब्रेन ट्यूमर होता. काय निघालं? चष्म्याचा नंबर. मला पहिल्या आठवड्यात फिट्स येत होत्या, दुसऱ्यात मणका गेला होता. स्वतःचे आजार संपले म्हणून आता घरच्यांना लावतेस होय? मामाला तरी सोड बिचाऱ्याला." खरंच होतं ते. आमच्यात ही साथ असतेच, जे शिकू ते आपल्याला होतं. वरचे विद्यार्थी हसतात, मग आपण वर गेलो की खालच्यांना हसतो. लंबूच्या त्या हसण्याने मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि वर समोसाही... नाही, काहीतरी खायला घातलं, काय ते आठवत नाही. घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते. दार उघडलं तर मामा पाणी पीत होता आणि ठसकत होता.

मॅडमचं म्हणणंही तसंच काहीसं, फक्त त्या हसत नाहीत. त्या म्हणतात, रोगी बघून बघून तुमची नजर फिरते, मग तुम्हाला धडधाकट माणूसही रोगी दिसतो. म्हणून इलेक्टिव्हच्या शेवटच्या शनिवारी त्यांच्याकडे नॉर्मल दिवस असतो. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असलं काही ऐकलं नाही. प्रत्येकाने घरचं एक निरोगी माणूस आणायचं, सगळ्यांसमोर डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासायचं, आणि मग मॅडम तेच माणूस स्वतः तपासून आपली चंपी करतात. मी इलेक्टिव्ह घेतल्या दिवशीच हे हौसेने घरी सांगून बसले होते, आणि मामाने तेव्हाच नंबर लावून ठेवला होता. मी म्हटलं, आई येईल. आई म्हणाली, मी नाही बाई चार पोरांसमोर पाय उघडे टाकून बसणार. मी म्हटलं, मामा, तुझी शाळा असते. तो म्हणाला, "अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. नॉर्मल माणूस हवाय ना? मग या घरात आहे कोण दुसरा? तुझी आई?" आई म्हणाली, हो, मी वेडीच आहे, म्हणून तुम्हा दोघांना रांधून घालते.

मग तोच म्हणाला, आधी घरी एकदा रंगीत तालीम करू, तिथे माझी फजिती नको. बनियनवर जेवणाच्या टेबलावर चढून बसला, पाय खाली सोडून. मला नाही म्हणता आलं नाही. आणि नाही का म्हणायचं, मला बघायचंच होतं, सगळं ठीक आहे हे मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं. गुडघ्याखाली हातोडी टेकवली मात्र, पाय असा उसळला की समोरचं स्टूल आडवं झालं. "बघ!" मामा ओरडला. "अजून काय दम आहे! बॉल असता तर जाळीत असता." इतकं उसळणं म्हणजे दम नव्हे. वरचा, मेंदूकडचा लगाम सुटला की पाय असा उसळतो. मी खाली बसून किल्लीने तळव्यावर रेघ ओढली. नॉर्मल माणसाचा अंगठा खाली वळतो. मामाचा सावकाश, अगदी सावकाश वर आला, पुस्तकात दाखवतात तसा. "गुदगुल्या होतात गं." मी पुन्हा ओढली. पुन्हा वर. उजव्या हाताच्या अंगठ्यामागचा उंचवटा, जिथे मांस भरलेलं असतं, तिथे माझं बोट खड्ड्यात गेलं. दंडावर कातडीखाली काहीतरी फडफडून शांत झालं, दुसरीकडे फडफडलं. जीभ मी शेवटी ठेवली होती. "आ कर. बाहेर नको काढूस, आतच राहू दे." चांगला उजेड होता, टीव्ही बंद होता, जांभई नव्हती. माझ्याकडे एकही सबब उरली नाही.

"निकाल?" छाती फुगवून मामाने विचारलं. आई हात पुसत दारात उभी होती. मला ते शब्द येत होते, वॉर्डात मी ते घडाघडा बोलले असते आणि मॅडमनी मान हलवली असती. पण इथे? काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, आणि मग आजची भाजी कोण वाढणार, टीव्ही कोण लावणार, उद्या शाळेत कसं जायचं त्याने? मी म्हटलं, "नॉर्मल." मामा लगेच हसला नाही. म्हणाला, "नक्की? नीट बघितलंस ना?" मी म्हटलं, "नक्की." त्याने एक मोठा श्वास सोडला, टेबलावरून उतरला, आणि आईला म्हणाला, वाढ गं, आज मला भूक लागलीय.

मग मी त्याला शनिवारी नेलंच कशाला, असं कुणीही विचारेल. आजारी असल्याचा बहाणा करून मी घरी बसू शकत होते. पण माझ्या मनात एकच होतं, की मी शिकाऊ आहे, दोन कवडीची, मला काय कळतंय. मॅडमना कळतं. मॅडम त्याचा पाय हातात घेतील, माझ्याकडे वळतील आणि सगळ्यांसमोर माझी सालटी काढतील, गाढवे, धडधाकट माणसाला आजारी ठरवतेस? त्या चार शिव्यांसाठी मी काहीही दिलं असतं. देवाकडे माणसं काय काय मागतात, मी हातोडीबाईंच्या शिव्या मागत होते.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. खोलीत एक उंच पलंग, भिंतीवर मेंदूचे फाटके तक्ते, लंबूची आत्या, कुणाचा थोरला भाऊ, खुर्च्यांवर ओळीने निरोगी माणसं लग्नघरी बसल्यासारखी अवघडून बसलेली. मामा मॅडमना म्हणाला, "शाळेत मी पोरांना उभं करतो, आज पोरांनी मला आडवं केलं." मॅडम चक्क हसल्या. मी तपासायला घेतलं. प्रत्येक पायरीला मोठ्याने सांगायचं असतं. डोळे, नॉर्मल. चेहरा, नॉर्मल. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. गुडघ्याला हातोडी लावली, पाय उसळला, आणि मी म्हटलं, नॉर्मल. मागे कुणीतरी हळूच हसलं, कुणाला वाटलं मी घाबरले. तळव्यावर रेघ ओढली. अंगठा वर आला. नॉर्मल. मी मान वर केली तर लंबू माझ्याकडे बघत होता, त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि मग तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. मॅडम पुढे झाल्या. त्यांनी पाय पुन्हा तपासला. उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. "तोंड उघडा. जीभ आतच असू दे." टॉर्च लावून त्या वाकल्या. मी वाट बघत होते. बोला, मॅडम. ओरडा. गाढव म्हणा मला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आभारी आहे तुमची. शर्ट घाला." आणि टॉर्च बंद करून पुढच्या माणसाकडे वळल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्या ढळढळीत चुका मी सगळ्यांदेखत केल्या होत्या, आणि त्या मला काही बोलल्या नाहीत. तिथेच सगळं संपलं. तास संपताना त्या माझ्या बाजूने सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोमवारी सकाळी ओपीडीत घेऊन ये. मी स्वतः बघते." मग जरा थांबून, त्याच मऊ आवाजात, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" मी म्हटलं, आम्ही तिघंच. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि गेल्या.

बाहेर व्हरांड्यात मामा बाकावर बसून माझी वाट बघत होता. स्वारी खुशीत होती. शर्टाची वरची दोन बटणं तशीच उघडी. म्हणाला, "बस. तुझ्या मॅडमही पास म्हणाल्या ना? बघ, छान म्हणाल्या मला." मी बसले. समोरून एक स्ट्रेचर गेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं, मी त्या चाकाकडे बघत राहिले. "आता सांगायला हरकत नाही," मामा म्हणाला. "तुला बोललो नाही मी. तुझ्या आईलाही नाही. कितीतरी दिवस झाले, माझी पार टरकली होती बघ. हातातून खडू पडायचा. शिट्टी फुंकली तर हवा कडेने निसटायची, पोरं हसायची. एकदा मैदानात पाय असा लुळा पडला, पडलोच असतो. रात्र रात्र नुसता छताकडे बघत पडायचो. म्हटलं, आपलं काही झालं तर या दोघींनी कुठे जायचं? डॉक्टरकडे जायची हिंमत होईना, तो काय सांगेल याचीच भीती. मग तुझं ते नॉर्मलचं निघालं. म्हटलं, आपली पोरगी बघेल, ती काय आपल्याला फसवणार नाही. त्या दिवशी तू नक्की म्हणालीस ना, त्या रात्री मला झोप लागली. शांत. लहान मुलासारखी." तो थांबला, त्याला ठसका लागला, तो आवरून पुन्हा माझ्याकडे वळला. "म्हातारपण आलं, दुसरं काय. जरा व्यायाम वाढवायला हवा. चल, घरी जाताना तुझ्या आईला काहीतरी चांगलं घेऊ."

तो उठायला लागला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. बसवलं खरं, पण पुढे काय बोलायचं ते मला येत नव्हतं. ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "मी खोटं बोलले तुझ्याशी."

"कशाबद्दल गं?" तो म्हणाला, आणि तो अजून हसतच होता.